अक्काची काळीपिवळी

अक्का कोणाले "कसा हाय" म्हणून कधी विचारे नाही. नवा माणूस दिसला का त्याच्या तोंडाकडं पाह्ये अन् सरळ विचारे, "तुले काय येते?"

मले विचारलं तवा माही चहाची टपरी चांगली जुनी झालती. हैदराबादकडं जाणाऱ्या हायवेवरून पांढरकवड्याच्या अलीकडं बंजाऱ्याईच्या तांड्याचा कच्चा रस्ता फुटते, त्या फाट्यावर. मी छाती फुगवून सांगतलं, "चहा येते."

"दे," म्हणे.

दिला. तिनं एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला अन् म्हणे, "नाही येत."

असी आमची वळख झाली. तिथून पुढं ती रोज सकाळी टपरीवर आली, पण चहा माह्या बायकोच्या हातचा पेली. मी समोर बसून ग्लास विसळो.

हे मी सांगून राह्यलो अन् माही पोरगी लिहून राह्यली. मी शाळेत गेलतो ते खिचडीपुरता. मास्तर पाढे शिकवे तवा माह्यं ध्यान पातेल्याकडं. पोरगी मात्र बारावी झाली. ती कसी झाली, तांड्याच्या पोरी कस्या झाल्या, तेच सांगायचं हाय. कारण आमच्या फाट्यावरची एकही पोरगी सातवीच्या पुढं गेली नव्हती, अन् अक्का नसती तर जाणारही नव्हती.

अक्का तेलंगणाची. पैनगंगेच्या पल्याडची. अक्का म्हणजे तिच्या बोलीत मोठी बहीण, अन् मले ती म्हणे तम्मी, म्हणजे लहाना भाऊ. खरं नाव मल्लव्वा, पण ते फक्त मतदानाच्या दिवसी कामी ये. कापूस वेचायच्या टोळीसंगं टेम्पोत बसून आलती, नवऱ्यासंगं. हंगाम संपला, टेम्पो वापस गेला, नवराही गेला, अक्का राह्यली. मी एकदा विचारलं, "काहून गेली नाही व अक्का?"

"त्याले गाव पायजे होतं," ती म्हणे. "मले काम."

बस. ह्याच्यावर तिनं कधी एक शब्द जास्त सांगतला नाही. मी लय उकरून पाह्यलं. बायको म्हणे, तुमाले सांगणं म्हणजे हायवेवर भोंगा लावणं होय.

कापूस सरला तसी ती धाब्यावर भाकरी थापायले लागली. तिच्या ठेच्यानं ट्रकवाले रडे अन् अजून मागे. मंग धाब्याच्या मांगं एक जुनी शिलाई मशीन पडून होती, मालकाच्या मेलेल्या सासूची. अक्का तिच्यापासी बसे, चाक फिरवून पाह्ये. काही दिवसांनी बायांचे झंपर शिवायले लागली, अन् मंग ट्रकच्या सीटांचे कव्हर अन् कॅबिनचे झालरवाले पडदे. शिकायची तिची एकच रीत होती. कोणाचं काम पायत बसायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही. पाहून पाहून समोरचा कंटाळे अन् म्हणे, "घे माय, तूच कर." तिले तेच पायजे राहे.

फाट्यावर केरळचा एक उस्ताद होता, ट्रकच्या टायरचे पंक्चर काढे. अक्का त्याच्यापासी असीच बसायले लागली. साडीवर मर्दाचा शर्ट, पदर कमरेले खोचलेला, हातात टॉमी, टायर उचकटायची लोखंडी दांडी. पुढं उस्तादाची तब्येत बिघडली, तो गावाले गेला, जाताना दुकान तिच्या हवाली करून गेला. ते दुकान तिनं त्याच्याच नावानं चालवलं. लोक म्हणे, आता तुहं झालं, पाटी बदलव. ती म्हणे, "उस्ताद बिमार हाय, मेला नाही."

एक दिवस हरियाणाचा ट्रक थांबला. ड्रायव्हरनं खाली उतरून अक्काकडं पाह्यलं अन् म्हणे, "बहनजी, किसी आदमी को बुलाओ."

अक्कानं माह्याकडं बोट केलं. "आदमी वो बैठा है. उसको कुछ आता नहीं."

मले राग आला. मर्दाची जात होय शेवटी. मी उठलो, म्हणलो दाखवतोच, अन् ट्रकचं टायर उभं केलं. उभं होयेपर्यंत मी त्याले धरलं होतं. मंग त्यानं मले धरलं. तांड्याचा रस्ता उताराचा. टायर पुढं, मी मांगं, मंग मी पुढं अन् टायर मांगं, असं करत आम्ही दोघं नाल्यात गेलो. तिथं एक म्हैस बसून होती, ती उठून बाजूले झाली. वरतून अक्काचा आवाज आला, "तम्मी, टायरले काही लागलं का पाह्य रे!"

हरियाणावाला इतका हसला का चाक तिच्याच हातानं बसवून घेतलं. पुढं तो ज्या ज्या खेपेले त्या रस्त्यानं गेला, त्या त्या खेपेले थांबला. आधी नाल्याकडं पाह्ये, मंग माह्याकडं.

गाडी चालवणंही ती अश्याच ड्रायव्हरांकडून शिकली. पंक्चर निघेपर्यंत स्टेअरिंगवर जाऊन बसे, "हे काय, ते काय" विचारे, धाब्यामांगच्या पडीक वावरात फिरवून आणे. लायसनच्या परीक्षेले गेली तवा मलेही संगं घेऊन गेली, म्हणे, "तूही काढ, काहीतरी येऊ दे तुले." साहेबानं मले विचारलं, गाडीले बाजूचा आरसा कायले राह्यते? मी म्हणलो, भांग पाडायले. साहेब हसला, म्हणून मले वाटलं पास झालो. मंग मांगं घ्यायले लावली तवा मी गाडी अशी मांगं घेतली का साहेबाची खुर्ची वाचली, पण साहेबाले उठा लागलं. अक्कानं एका दमात मांगंपुढं करून दाखवली. वापस येताना एसटीत तिनं लायसनचा कागद माह्या हातात दिला अन् म्हणे, "पाय." मी म्हणलो, मले वाचता येत नाही. ती म्हणे, "मलेही नाही येत. फोटो पाय."

हे सगळं झालं, पण गाडी काही तिच्या डोक्शात नव्हती. गाडी डोक्शात आली ते काजलनं.

काजल तांड्याच्या नायकाची नात. तांड्याचा नायक म्हणजे तिथला मुख्य माणूस. भांडण, लगन, सण, सगळं त्याच्या अंगणात ठरे. काजल एक दिवस सायकलची ट्यूब घेऊन दुकानात आली. अक्कानं सवयीनं विचारलं, "तुले काय येते?"

पोरगी म्हणे, "सातवीलोक येते."

"मंग?"

"मंग काही नाही. तांड्यावर शाळा सातवीलोकच हाय. पुढची शाळा पांढरकवड्याले. एसटी तांड्यावर येत नाही, फाट्यावर कधी थांबते कधी नाही, अन् परक्या माणसाच्या गाडीत आजा पाठवत नाही."

अक्कानं ट्यूबले ठिगळ लावलं.  पण त्या दिवसी ती चहा पेयाची विसरली. माह्या बायकोनं मले म्हणलं, "पाय जो, बाईच्या डोक्शात काहीतरी शिरलं."

थोड्या दिवसांनी दुकानासमोर एक जुनी काळीपिवळी, सवारीची जीप, येऊन उभी राह्यली. कसी घेतली, कोणाकून घेतली, तिलेच माहीत. दार सुतळीनं बांधलेलं, सीटांतून काथ्या बाहेर. सीटा तिनं स्वतः शिवल्या, इंजन खोलून परत बसवलं, अन् धुवून पुसून गाडी घेऊन थेट नायकाच्या अंगणात गेली. मी मांगं बसलो होतो, सुतळी धरून.

नायक खाटेवर बसला होता. अक्का म्हणे, "नायकबा, माणसाच्या गाडीत पोरी पाठवत नाही ना तुम्ही? मी बाई हाय. द्या पोरी."

नायकानं गाडीकडं पाह्यलं, अक्काकडं पाह्यलं, मंग माह्याकडं पाहून म्हणे, "हा?"

"ह्याले माणसात धरू नका," अक्का म्हणे.

अंगणात जे हसू झालं त्याच्यातच आर्धं काम झालं. मी म्हणतो, तांड्याच्या पोरीईच्या शिक्षणाले माहीही थोडीसी मदत झाली.

पण नायक नुसता हसून देणारा नव्हता. त्यानं चार म्हातारे बसवले, विचार केला, अन् अट घातली. सांजेले दिवा लागायच्या आत पोरी तांड्यावर. एक दिवस जरी दिवा आधी लागला अन् पोरी मांगून आल्या, तर गाडी बंद, शाळा बंद, पुन्हा कोणी विषय काढायचा नाही. अक्का म्हणे, "कबूल."

गाडी सुरू झाली. काजल, तिच्या बरोबरीच्या पोरी, माही पोरगी, सगळ्या कोंबून बसे. मी क्लीनर. बायको म्हणे, तुम्ही गाडीतच जात जा, इथं धंदा होऊ द्या. अक्का पोरीईले गाडीत फुकट बसू दे नाही. एकीनं रेडिएटरचं पाणी पाहायचं, एकीनं तेल, एकीनं हवा. काम नीट नाही झालं तर तिले पुढच्या सीटवर माह्याजवळ बसा लागे. ही तिची सर्वात मोठी सजा होती.

शाळा उघडल्यापासून आर्धा पावसाळा निभला. दिवा एकदाही आधी लागला नाही.

मंग श्रावणात तीज आली.

तीज म्हणजे तांड्यातल्या कुवाऱ्या पोरीईचा सण. दुरड्यांमधी माती अन् गहू टाकते, नायकाच्या घरासमोर ठेवते, अन् रोज सकाळ-संध्याकाळ सगळ्या मिळून गाणं म्हणत पाणी घालते. गहू चांगले उगवले का तांड्याचं चांगलं होते म्हणते. एकही पोरगी कमी असली तर पाणी घालत नाही, थांबते. म्हाताऱ्या बायांनी आधीच म्हणून ठेवलं, तीजच्या दिवसांत शाळा कायले? नायक म्हणे, अट तीच हाय. वेळेवर आल्या तर जाऊ द्या.

त्या सांजेले वापस येताना आभाळ भरून आलतं. हायवे सोडला, नाला ओलांडला, दोन्हीकडं सोयाबीन, अन् मांगचं चाक बसलं. अक्का उतरली. तिले पंक्चर म्हणजे काय, बायाईले भाकर थापायसारखं. स्टेपनी काढली, टॉमी काढली, अन् हात मांगं केला.

"तम्मी, जॅक."

मी सीटखाली वाकून उगंच चाचपलं.

"जॅक दे ना रे."

"जॅक टपरीखाली हाय," मी म्हणलो.

"काहून?"

"टपरीचा एक पाय पावसानं धसला. म्हणून जॅक लावला."

पोरी माह्याकडं पाहून राह्यल्या. माही पोरगी दुसरीकडं पाहून राह्यली. अक्का मले एक शिवी देईन, दोन देईन, मी मान खाली घालून तयार होतो. तिनं शिवी नाही दिली. आभाळाकडं पाह्यलं, म्हणे, "उजेड हाय अजून. दगड आणा."

जॅक नसला तर चाक वर करता येत नाही. पण जमीन खाली करता येते. हे तवा मले समजलं. अक्कानं ॲक्सलखाली दगड रचवले, घट्ट ठोकले, अन् बसलेल्या चाकाखालची माती खणायले लावली. आमची काळी माती, पावसात भिजलेली, हाताले धरली का सोडत नाही. फावडं नव्हतं. पोरीईनं डब्याची झाकणं काढली, पट्ट्या काढल्या, एकीनं तर कंपासपेटीच घेतली. मीही खणायले वाकलो तर पँट मांगून टरकन फाटली. म्हणून मले कंदील धरल्यासारखं नुसतं उभं राहा लागलं, गाडीले पाठ लावून.

एक लहानी पोरगी रडायले लागली. "नायकबा गाडी बंद करते आता. माही शाळा गेली."

अक्का म्हणे, "रड. पण खणत रड."

मंग काजलनं तीजचं गाणं सुरू केलं. रोज दुरड्याईसमोर म्हणते तेच. एकीमांगून एक सगळ्या म्हणायले लागल्या, अन् गाण्याच्या ठेक्यावर झाकणं मातीत जायले लागली. रडणारीही गाऊन राह्यलती, नाक ओढत. खड्डा झाला, चाक मोकळं लटकलं, नट पोरीईनंच खोलले, स्टेपनी पोरीईनंच चढवली. अक्का फक्त शेवटचा नट आवळायले वाकली.

पण तांडा दिसला तवा दिवे लागले होते. सगळे. लांबूनच दिसले.

अक्कानं गाडी हळू केली नाही, का जोरात केली नाही. सरळ नायकाच्या अंगणात नेऊन उभी केली. सगळा तांडा तिथं उभा. दुरड्या वळीनं मांडलेल्या, पाण्याचे लोटे भरलेले, अन् कोणीच पाणी घातलं नव्हतं. नायक खाटेवर.  मी पाठ गाडीले लावूनच उतरलो.

नायक म्हणे, "अक्का, काय ठरलं होतं?"

"दिवा लागायच्या आत."

"मंग?"

"उशीर झाला."

बस, इतकंच. पंक्चरचं नाव नाही, जॅकचं नाव नाही, माह्यं तर नाहीच नाही. मी मनात म्हणून राह्यलो, सांग ना वो माय, माह्यावर ढकल, मले सवय हाय. तिनं कमरेतून गाडीची चाबी काढली अन् खाटेवर नायकासमोर ठेवली.  

तवा काजल पुढं आली. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. "आजा," म्हणे, "चाक बसलं होतं. आम्ही बदललं."

"कोणी आम्ही?"

सगळ्या पोरीईनं हात पुढं केले. दिव्याच्या उजेडात सगळे काळे हात.

नायक हातांकडं पाहून राह्यला.  मंग मांगून नायकण बोलली, त्याची म्हातारी. सगळा तांडा तिले याडी म्हणे, म्हणजे माय. ती म्हणे, "ऐकता का? तुमचा आजा लदेणी घेऊन जाये, बैलाच्या पाठीवर मीठ-धान्य लादून. रस्त्यात एखादा बैल बसला तर तांडा काय करे?"

नायक म्हणे, "थांबे."

"किती वेळ?"

"बैल उठेपर्यंत."

"टाकून जाये का?"

"टाकून कसा जाईन?"

"मंग आज काय केलं आपण?" याडी म्हणे. "चाक बसलं, आपण थांबलो. पाणी कोणी घातलं नाही. एकही पोरगी मांगं राह्यली नाही. दिवा आधी लागला तर लागला. दिवा लावणारीही मीच हाय, उद्यापासून उशिरा लावीन."

कोणीतरी हसलं. नायकाच्या मिशा हालल्या. म्हणे, "आधी पाणी घाला. हात नका धुवू, मातीच होय ती." पोरीईनं काळ्या हातानं लोटे उचलले अन् गाणं म्हणत दुरड्यांत पाणी घातलं. पाणी घालून झाल्यावर त्यानं चाबी उचलली, उठून उभा राह्यला, अन् अक्काच्या हातात दिली. खाटेवरून उठून देल्ली, हे तांड्यानं पाह्यलं. नायक कोणासाठी उठत नाही.

मंग विचारलं, "जॅक कोणाच्या हवाली होता?"

सगळ्या तांड्यानं माह्याकडं पाह्यलं. कोणी सांगतलं नव्हतं, तरी. म्हाताऱ्याईनं दंड ठरवला, बबननं, म्हणजे मी, सगळ्या तांड्याले चहा पाजायचा, स्वतःच्या हातानं.

अक्का म्हणे, "नायकबा, दंड याले हाय का तांड्याले?"

पुढचे पावसाळे मी मोजले नाही. काजल दहावी झाली, बारावी झाली. कोणी नर्सिंगले यवतमाळले गेली, कोणी राळेगावले दुकानात लागली, माही पोरगी मले वाचून दाखवते का मी किती येडा हाय. बाजूच्या गावचे लोकही आपल्या पोरी घेऊन फाट्यावर येऊन थांबायले लागले. अक्काचे गुडघे दुखायले लागले, पण स्टेअरिंगवर बसली का दुखत नाही म्हणे. काजलले तिनं गाडी शिकवली. काजलनं लायसन काढलं. तिलेही साहेबानं आरश्याचं विचारलं म्हणते, अन् ती म्हणे, "मांगच्याले विसरू नये म्हणून." कोणी शिकवलं असं बोलायले, ते सांगायची गरज नाही.

मंग मांगच्या वर्षी घाटंजीकडच्या एका तांड्याची माणसं अक्काकडं आली. त्यांच्या पोरी सातवीवर घरी बसल्या होत्या. दुकानात बसून लय वेळ बोलले. ते गेल्यावर मी म्हणलो, "अक्का, या वयात?"

ती म्हणे, "इथं आता काजल हाय. मी इथं बसून काय करू, तुहा चहा पेऊ?"

नायकानं तांड्यात जागा देतो म्हणलं, घर बांधून देतो म्हणलं. याडीनं तिले टिकल्यांची ओढणी देल्ली, आरसे लावलेली, घरच्या लेकीले देते तसी. अक्कानं ती तिथंच डोक्यावर घेतली, मर्दाच्या शर्टावर, अन् कोणी हसलं नाही.

गेली त्या दिवसी सकाळी शाळेचीच वेळ होती. फाट्यावर एसटी उभी होती, तिचं गाठोडं मी हातात धरून होतो. तांड्याकडून काळीपिवळी आली, काजल चालवून राह्यली, मांगं पोरी कोंबलेल्या. हायवे ओलांडून पल्याडच्या बाजूले लागायचं होतं. दोन्हीकडून ट्रक. काजल थांबली, पुढं घे, मांगं घे, तिले वाट मिळेना.

अक्का एसटीच्या पायरीवर एक पाय टाकून होती. ती उतरली. चालत हायवेच्या मधी गेली अन् दोन्ही हात वर केले. गुडघे वाकलेले, डोक्यावर आरश्याची ओढणी, उन्हात सगळी चमकून राह्यली. ट्रकांनी ब्रेक मारले, हॉर्न मारले. कोणीतरी ओरडला, "ए माई, मरना है क्या?" तिनं त्याच्याकडं पाह्यलंही नाही. हैदराबादची लाइन इकडून थांबली, नागपूरची तिकडून. एसटीचा कंडक्टर शिट्टी मारून राह्यला. मी गाठोडं छातीले धरून हायवेच्या काठावर, रडून राह्यलो का हासून, ते पोरीले विचारा, तिनं पाह्यलं.

काजलनं गाडी आरामात काढली. पोरी खिडकीतून हात हालवून राह्यल्या. अक्कानं हात हालवला नाही, तिचे दोन्ही हात वर होते. गाडी पल्याड लागली, वळली, पांढरकवड्याच्या रस्त्यानं बारीक झाली, अन् तवापर्यंत ती हायवेच्या मधोमध तशीच उभी होती.